बर्गरच्या दुकानातील अभ्यासिका

वाण्याच्या दुकानी सामान आणावयास गेलेल्या पोराच्या हातावर वाणी गुळाचा खडा ठेवतो. तो खाऊन पोर दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाची वाट धरते. यात वाण्याचे काही चुकले असे कोणी म्हणणार नाही, आणि पोराचेही काही बिघडत नाही. अमेरिकेतील मोठमोठ्या खाद्यगृहांनी असाच एक गुळाचा खडा गिऱ्हाइकांपुढे ठेविला आहे. त्याचे नाव वायफाय. हा खडा कोणाच्या हाती पडला आणि कोणत्या कामी आला, ही हकीकत आमच्या वाचकांनी ऐकावी अशी आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. तारेने इमारतीपर्यंत आलेले इंटरनेट एका लहानशा पेटीतून रेडिओच्या लहरींवाटे दालनभर पसरते, म्हणजे जवळ बसलेल्या माणसास ते आपल्या फोनवर वा संगणकावर तारेवाचून घेता येते. अमेरिकन सरकारने १९८५ साली काही लहरी परवान्यावाचून वापरण्यास मोकळ्या केल्या. १९९७ साली या पद्धतीचे तांत्रिक नियम ठरले, आणि १९९९ साली तिला वायफाय हे नाव मिळाले. या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. दाराबाहेरच्या पायरीवर आणि गाड्या उभ्या करण्याच्या अंगणातही त्या काही अंतर पोचतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आरंभी ही सोय फुकट नव्हती. मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतील खाद्यगृहांत दोन तासांच्या वायफायला २ डॉलर ९५ सेंट मोजावे लागत. जानेवारी २०१० मध्ये या कंपनीने तेथील सुमारे ११,५०० खाद्यगृहांत हा आकार काढून टाकला. त्याच वर्षी १ जुलैपासून स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांनीही अमेरिकेत तसेच केले. यामागचा हिशेब सरळ आहे. दालनात एक गिऱ्हाईक बसले काय की वीस बसले काय, इंटरनेटचे महिन्याचे बिल फारसे बदलत नाही. उलट दुपारच्या रिकाम्या खुर्च्यांपायी जागेचे भाडे, दिवे आणि नोकरांचे पगार मात्र चालूच राहतात. वायफायच्या ओढीने कोणी तासभर बसला, तर तो दुसरी कॉफी मागविण्याचा संभव असतो. म्हणजे गूळ वाण्यास परवडतो.

परंतु धंद्यासाठी लाविलेल्या या दिव्याच्या उजेडात भलतीच मंडळी येऊन बसली. त्या श्रीमंत देशातही अनेक घरांत इंटरनेट नाही. कोठे तार पोचलेली नाही, तर कोठे महिन्याचे बिल परवडत नाही. शाळा मात्र गृहपाठ इंटरनेटवर देऊ लागल्या. २०१३ च्या जानेवारीत अलाबामा राज्यातील सिट्रोनेल या लहान गावाची हकीकत तेथील वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकात आली. घरी इंटरनेट नसलेली मुले सायंकाळी मॅकडोनाल्ड्समध्ये बसून शाळेचा अभ्यास करीत होती. वाचनालयास वेळेचे बंधन असते. बर्गरचे दुकान रात्रीही उघडे असते. मुलांनी आपली अभ्यासिका स्वतः शोधून काढिली.

पुढे २०२० साली महामारी आली आणि शाळाच घरी आली. त्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील एक छायाचित्र जगभर फिरले. टॅको बेल या खाद्यगृहाच्या बाहेर, भिंतीला टेकून दोन लहान मुली जमिनीवर बसल्या आहेत, मांडीवर संगणक आहे, आणि आतून झिरपणाऱ्या वायफायवर त्या शाळा शिकत आहेत. सॅलिनास हे शेतमजुरांचे शहर. ज्या सिलिकॉन व्हॅलीत जगाचे इंटरनेट चालविणाऱ्या कंपन्या नांदतात, ती तेथून अवघ्या दोन तासांच्या आत आहे. छायाचित्र गाजल्यावर शाळेच्या अधिकाऱ्यांनी त्या कुटुंबास घरी इंटरनेट मिळण्याचे साधन दिले. चित्र निघाले नसते, तर त्या मुली भिंतीपाशीच राहिल्या असत्या, अशी आम्हांस शंका येते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्याने काही विकत घेतले नाही, तो गिऱ्हाईक की उपरा? दुकानदारांस याचे उत्तर एकदाच देता आलेले नाही. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका स्टारबक्समध्ये काही न मागविता कोणाची वाट पाहत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांस पोलिसांनी पकडून नेले, तेव्हा मोठा गहजब झाला, आणि कंपनीने काही न घेणाऱ्यासही बसू देण्याचे जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये तिने हा नियम अमेरिकेत मागे घेतला. बसावयाचे तर काही घ्यावे, असे ठरले. आम्ही दुकानदारास दोष देत नाही. घरचा धंदा सांभाळून तो जेवढे देतो, तेवढे त्याचे औदार्य. मात्र दुसऱ्याच्या औदार्यावर मुलांची शाळा टांगती ठेवणे हा समाजाचा दोष होय. सरकारी मदतही तेथे टिकली नाही. गरिबांच्या इंटरनेट बिलास महिना ३० डॉलरपर्यंत साहाय्य देणारी योजना २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबांनी घेतली होती. पैसे संपल्यामुळे ती १ जून २०२४ रोजी बंद पडली.

आपल्याकडेही असे घडले आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून आरंभ होऊन पुढे शेकडो रेल्वे स्थानकांवर फुकट वायफाय आले. ते उतारूंसाठी होते. परंतु एर्नाकुलम जंक्शनवरील एका हमालाने ओझी वाहता वाहता, कानात श्रवणयंत्रणा लावून, त्याच वायफायवर अभ्यास केला आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली, हे वृत्त २०१८ साली प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मान्य केलेल्या पीएम-वाणी योजनेत तर चहावाल्यास किंवा किराणा दुकानदारासही परवान्यावाचून आपल्या दुकानातून वायफाय देता येते.

मातापित्यांस दोन व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. बाहेरच्या वायफायवर मुलाने अभ्यास खुशाल करावा. बँकेचा व्यवहार मात्र तेथे कोणीच करू नये. जोडण्यापूर्वी वायफायचे खरे नाव दुकानदारास विचारून घ्यावे, कारण सारख्या नावाचे खोटे वायफाय लावून फसविणारेही असतात. दुसरे असे, की मॅकडोनाल्ड्सने २०१६ साली अमेरिकेतील आपल्या बहुतेक खाद्यगृहांत अश्लील संकेतस्थळांस अटकाव केला. परंतु असा अटकाव प्रत्येक दुकानात असेलच असे नाही. मूल कोठे बसते आणि काय पाहते, याची चौकशी घरानेच ठेवावी.

आणि गावाने एक करावे. आपल्या वाचनालयाचे वा शाळेचे एक दालन रात्री नऊपर्यंत उघडे राहील काय, तेथे एक दिवा, चार बाके आणि वायफायची एक पेटी ठेवता येईल काय, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत कोणीतरी उभे राहून विचारावा. खर्च मोठा नाही. किल्ली कोणी सांभाळावयाची, एवढेच आधी ठरवावे लागेल.