संग्रहालयात आजीलाही न्यावे

शनिवार-रविवारी मुलांना घेऊन कुठे जावे, हा प्रश्न आता केवळ शहरी कुटुंबांचा राहिलेला नाही. आंबेगाव तालुक्यातील शिनोली हे घोड नदीच्या खोऱ्यातील, मंचरहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. येथून घोडेगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण असे करीत सुमारे ८० किलोमीटरवर पुणे. दारात गाडी आली, मुले शाळेत चार गोष्टी शिकू लागली, की ‘पुणे दाखवून आणू’ असे घराघरांत ठरते. त्यातल्या पुष्कळांचे पुणे मॉल, चित्रपटगृह आणि उपाहारगृह येथेच संपते. अशा काळात जे पालक हेतुपूर्वक मुलांचे बोट धरून संग्रहालयाची पायरी चढतात, त्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

तथापि कौतुक करून थांबता येत नाही. ही भेट बहुधा कशी पार पडते, तेही पाहिले पाहिजे. सकाळी निघायचे, एका दिवसात तीन संग्रहालये उरकायची, काचेच्या प्रत्येक कपाटापुढे अर्धा मिनिट उभे राहायचे, छायाचित्रे काढायची आणि ‘चला, अजून वरचा मजला राहिला आहे’ म्हणत मुलांना पुढे ढकलायचे. घरी परतल्यावर ‘काय पाहिले?’ असे विचारले तर मुलाला आठवते ते आइस्क्रीम. त्यात मुलाचा दोष नाही. जी वस्तू कधी कोणाच्या हातात पाहिली नाही, तिच्याशी अर्ध्या मिनिटात ओळख व्हावी कशी?

ती ओळख करून देऊ शकेल असे माणूस बहुतेक घरांत असते. सहलीच्या दिवशी मात्र नेमके तेच मागे राहते. गाडीत जागा नाही, जिने चढवणार नाहीत, ‘तिला काय कळणार त्यातले’ अशी कारणे सांगून आजीला घर राखायला ठेवले जाते. संग्रहालयाच्या सहलीत होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे.

घरातल्या वस्तूंचे संग्रहालय

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे याचे उत्तम उदाहरण. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. त्यांनी सुवर्णमुद्रांच्या किंवा राजमुकुटांच्या मागे धाव घेतली नाही. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, पाय घासण्याच्या वज्र्या, स्वयंपाकघरातील भांडी, वाद्ये, वाड्यांचे कोरीव दरवाजे असे सामान्य माणसाच्या हाताखालचे सामान त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केले. पत्नी कमलाबाई यांची या कामात त्यांना अखंड साथ होती. राजा नावाचा त्यांचा मुलगा बालवयातच गेला. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयास त्याचे नाव दिले गेले. १९६२ मध्ये केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० मध्ये ते निवर्तले, तोपर्यंत संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे २० हजारांवर गेली होती. जागेअभावी त्यातल्या थोड्याच वस्तू एका वेळी मांडता येतात.

या कपाटांपुढे बारा वर्षांचा मुलगा उभा केला तर तो पाटी वाचील : ‘अडकित्ता, पितळ.’ वाचून पुढे जाईल. त्याच कपाटापुढे आजी उभी राहिली तर? अडकित्ता कोणत्या बोटांत धरायचा, सुपारी कशी कातरायची, पाहुणा आला की पानाचे तबक प्रथम कोणापुढे करायचे, दारात आलेल्याला पान न देता पाठवणे घराला कसे कमीपणाचे वाटे, हे ती सांगेल. समई दिसली की वाती कशा वळायच्या, तेल कोणत्या बियांचे काढत, दिवा ‘विझला’ न म्हणता ‘निरोप घेतला’ किंवा ‘शांत झाला’ असे का म्हणत, तेही सांगेल. पाटीवर वस्तूचे नाव असते. त्या वस्तूभोवतीचा आचार आजीजवळ असतो. अभ्यासकांनी कितीही परिश्रमपूर्वक सूची केली, तरी एका घरातील रीत त्या सूचीत मावत नाही.

हे काम पुढे ढकलण्यासारखेही नाही. वीज येण्यापूर्वीचे घर, मोटेचे पाणी, जात्यावरची पहाट हे सारे ज्यांनी स्वतः अनुभवले ती पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. वस्तू काचेआड आणखी शंभर वर्षे सुरक्षित राहतील. त्या वापरणारे हात मात्र राहणार नाहीत. आणखी वीस वर्षांनी हाच मुलगा आपल्या मुलाला तेथे नेईल, तेव्हा त्याच्याजवळ सांगण्याजोगे काही असेल की नाही, हे आजच्या सहलीत आजी होती की नाही यावर ठरणार आहे.

जगातील अन्य समाजांनाही या विस्मृतीची चाहूल लागली होती. कारखानदारी वाढून खेडी पालटू लागली, तेव्हा स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ हे खुले संग्रहालय उभारले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरे उचलून तेथे आणली गेली आणि त्या घरांतील कामे प्रत्यक्ष करून दाखवणारी माणसे तेथे ठेवली गेली. वस्तूबरोबर वापरणारा माणूसही दिसला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडे तशी माणसे वेतन देऊन ठेवावी लागत नाहीत. ती घराघरांत आहेत. त्यांना गाडीत जागा तेवढी द्यावयाची आहे.

घोडकाठचे पूर्वज

शिनोलीच्या मुलासाठी पुण्यात आणखी एक जागा अगत्याने पाहण्याजोगी आहे. येरवड्याजवळील डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावच्या उत्खननातील वस्तू आहेत. इनामगाव शिरूर तालुक्यात आहे आणि ते वसले आहे घोड नदीच्याच काठी. शिनोलीच्या शिवारातून जाणारे पाणीच पुढे इनामगावाजवळून भीमेकडे जाते. या स्थळी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर या विद्वानांची नावे त्या कार्याशी निगडित आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव तेथे उजेडात आले. ते लोक सातू पिकवीत, गुरे पाळीत, रंगीत नक्षीची मडकी घडवीत. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध आणि पाट काढल्याचेही पुरावे मिळाले आहेत. डिंभे धरणाच्या कालव्यांकडे रोज पाहणाऱ्या मुलाला, तीन हजार वर्षांपूर्वी याच नदीचे पाणी शेताकडे वळवणारा शेतकरी परका वाटण्याचे कारण नाही.

त्या गावात लहान मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत ते ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरीत. मुलांना हे सांगावे की नाही, असा संकोच काही पालकांना वाटेल. सांगावे. आईबापाला लेकरू दूर लोटवत नाही, ही गोष्ट त्या मडक्यांतून जितकी स्पष्ट दिसते, तितकी सनावळीतून दिसणार नाही. इतिहास म्हणजे केवळ लढाया आणि तह नव्हेत, हे मुलाला तेथे आपोआप उमगेल.

क्वीन्स गार्डन परिसरात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंतच्या जमातींच्या टोपल्या, वाद्ये, अलंकार, अवजारे तेथे आहेत. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, कातकरी या समाजांतील मुले शिनोली-घोडेगावच्या शाळांत इतरांच्या शेजारी बसतात. हिरडा गोळा करण्यापासून भातलावणीपर्यंत त्यांच्या घरचे ज्ञान आजही चालते-बोलते आहे. हे संग्रहालय पाहताना ‘हे लोक असे होते’ असे म्हणणे म्हणजे आपल्याच शेजाऱ्याला भूतकाळात ढकलणे होय. वर्गमित्राच्या आजीलाही बरोबर घ्यावे. तिच्या तोंडून मुले जे ऐकतील, तो समरसतेचा पाठ कोणत्याही भाषणाहून अधिक काळ टिकेल.

आक्षेप आणि उत्तर

यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते खोटे नाहीत. संग्रहालये कंटाळवाणी असतात, पाट्या अपुऱ्या आणि काही ठिकाणी केवळ इंग्रजीत असतात, बसायला जागा नसते, वयस्करांना जिने जड जातात. या उणिवा दूर झाल्याच पाहिजेत आणि त्यासाठी पालकांनी तेथील अभिप्राय-वहीत स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. परंतु त्या दूर होईपर्यंत थांबायचे म्हटले तर आजी थांबणार नाही. एका दिवशी एकच संग्रहालय, त्यातलेही एकच दालन, आणि त्यातल्या दहाच वस्तू असे ठरवले तर जिन्यांचा प्रश्नही निम्मा सुटतो. वेळा व सुट्टीचे दिवस आधी विचारून घ्यावेत, सोबत डबा न्यावा.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. खेड्यांतल्या वस्तू शहरातल्या कपाटात नेऊन ठेवल्या, यात खेड्यांचा काय लाभ? प्रश्न रास्त आहे. पण केळकरांनी ज्या वस्तू उचलल्या नाहीत त्यांचे काय झाले, याचे उत्तर गावोगावच्या मोडीच्या दुकानांत मिळते. तांब्याचा बंब, पितळी घंगाळे, समया वजनावर गेल्या आणि त्यांच्या जागी स्टील व प्लॅस्टिक आले. जात्याच्या तळ्या अंगणातल्या फरशीत बसल्या. यात शहराने गावाला लुटले असे म्हणता येणार नाही. आपल्या जवळच्या वस्तूची किंमत आपणच किलोवर ठरवली.

आंबेगाव तालुक्याला तर याची जाणीव इतरांपेक्षा अधिक असायला हवी. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ आंबेगावच डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव त्या जलाशयाला आहे. धरणाने शेते भिजली, हे खरेच. त्याबरोबर घरे, देवळे, पार, पाणवठे पाण्याखाली गेले, हेही तितकेच खरे. ते गाव ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणी कोणत्या कपाटात ठेवल्या आहेत?

शेजारच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराच्या त्या लेखात यज्ञांची आणि दिलेल्या दानांची नोंद असून आपल्या अंकलेखनाचे अतिशय जुने नमुने तेथे पाहावयास मिळतात. राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा तेथे कोरल्या होत्या. आज नावे वाचता येतात, प्रतिमांची मात्र पावले तेवढी उरली आहेत. ज्यांचे नाव दगडावर कोरले गेले त्यांचीही ही गत. मग ज्यांचे कुठेच काही लिहिले गेले नाही, त्यांच्या घरच्या रीती आपोआप टिकतील असे कोणत्या भरवशावर मानावे?

परतल्यावर काय?

म्हणून संग्रहालयाची सहल पुण्याहून परतल्यावर संपू नये. तिचा दुसरा भाग रविवारी संध्याकाळी घरातच सुरू व्हावा. माळ्यावरचे गाठोडे, देव्हाऱ्यातील जुना दिवा, पणजोबांची तिफण, आजीची चंची खाली काढावी. मुलाने वहीत प्रत्येक वस्तूचे नाव, ती कोणाची, कशाची, कोणी कशी वापरली आणि शेवटी केव्हा वापरली, एवढे पाच रकाने भरावेत. आजीचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवावे. तिचा शब्द ‘शुद्ध’ करण्याच्या नादात पडू नये. भ्रमणध्वनी आज घरोघरी आहे. त्यात तिचा आवाज मुद्रित करून ठेवण्यास एक पैसाही लागत नाही.

कार्यकर्त्यांनी यापुढचे पाऊल उचलावे. गावातल्या अशा दहा वह्या एकत्र आल्या, की शाळेच्या एका खोलीत कपाट मांडता येते. वस्तू घरच्यांच्याच मालकीच्या राहाव्यात, वर्षातून आठ दिवस तेवढ्या मांडाव्यात आणि त्या आठ दिवसांत वस्तूशेजारी ती वापरलेले माणूस बसावे. याला ना मोठी इमारत लागते, ना अनुदान. १८ मे हा दिवस जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि मुंबई-पुण्याची मंडळीही गावी आलेली असतात. प्रारंभासाठी याहून सोयीचा मुहूर्त शोधण्याची गरज नाही.

त्याआधी येणाऱ्या एखाद्या शनिवारी गाडी पुण्याकडे निघेल तेव्हा पुढची जागा आजीसाठी राखावी. ‘मला काय कळतंय त्यातलं’ असे ती म्हणेलच. तिला आग्रह करावा, आणि कपाटापुढे उभे राहिल्यावर पालकांनी दोन पावले मागे सरून मुलांना तिच्याजवळ जाऊ द्यावे.