सच्छिद्र रस्ता

पावसाळ्यांत मोटारीनें प्रवास करणाऱ्या आमच्या वाचकांस हा अनुभव नवा नाहीं : पुढील गाडीच्या चाकांनीं उडविलेल्या तुषारांनीं कांच झांकून जाते, रात्रीं समोरचे दिवे ओल्या रस्त्यावर चकाकून डोळे दिपवितात, आणि वेग फार असल्यास चाक व रस्ता यांमध्यें पाण्याचा पातळ थर शिरून गाडी तरंगूं लागते. मग ब्रेक आणि सुकाणूं दोन्ही निरुपयोगी ठरतात. या तिन्ही संकटांचें मूळ एकच : पाण्यास जावयास वाट नाहीं.

नेदरलंड्समधील स्थापत्यविशारदांनीं ही वाट रस्त्याच्या पोटांतच काढिली. नेहमींच्या डांबरी थरांत मोठ्या खडीमधील फटी बारीक चुरीनें भरतात. तेथें ही चुरी फार थोडी घालतात. त्यामुळें सुमारें ५ सेंटिमीटर जाडीच्या वरच्या थरांत शेंकडा २० भाग पोकळी राहते. एरव्हीं ती शेंकडा ५ च्या आसपास असते. पाणी या पोकळींतून खालीं उतरतें. खालचा थर मात्र अभेद्य व कडेकडे उतरता असावा लागतो. म्हणजे पाणी रस्त्याच्या पायांत न मुरतां बाजूनें निघून जातें. आज त्या देशांतील शेंकडा ९० हून अधिक द्रुतगति महामार्गांवर हाच थर आहे. चाकांखालीं दबणारी हवाहि छिद्रांत शिरते, व गाड्यांचा आवाज सुमारें ३ डेसिबलनीं उतरतो. त्या दाट वस्तीच्या देशांत या गुणामुळेंच तो विशेष पसरला.

परंतु ही सोय फुकट मिळत नाहीं. धूळ व चिखल छिद्रें बुजवितात. रहदारीच्या पट्ट्यांत वेगवान चाकेंच पावसांत ही घाण शोषून काढितात. कडेच्या, क्वचित् वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यावर मात्र दाबाचें पाणी मारून यंत्रानें सफाई करावी लागते. हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यास मीठ अधिक लागतें. आणि खडी सुटूं लागत असल्यामुळें हा थर घट्ट डांबरापेक्षां लवकर बदलावा लागतो.

याहून मोठी अडचण मनुष्यस्वभावाची आहे. रस्त्यावर पाणी दिसेनासें झालें कीं चालक भर पावसांतहि वेग वाढवितो. म्हणून दृष्टि स्वच्छ झाली तरी अपघात त्या मानानें घटल्याचें निःसंशय सिद्ध झालेलें नाहीं. विद्वान् स्थापत्यकार पाण्यास वाट करून देतील. घाईस आवर घालणें हें ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे. घरांतील तरुण चालकांस वडीलधाऱ्यांनीं एवढेंच सांगावें : रस्त्यानें पाणी गिळलें, म्हणून आपण सावधपणा गिळूं नये.