बसलेल्या माणसाचा सिनेमा

फिलिपिन्समध्ये 2015 साली ‘हेनेरल लुना’ नावाचा भव्य ऐतिहासिक चित्रपट आला. अमेरिकी फौजांशी लढणारा आणि 1899 च्या जूनमध्ये आपल्याच माणसांच्या हातून मारला गेलेला सेनापती आंतोनियो लुना, त्याची ही गोष्ट. दिग्दर्शक जेरॉल्ड तारोग. समीक्षकांनी चित्रपट उचलून धरला, कॉलेजातल्या मुलांनी त्याचा बोलबाला केला, देशाने ऑस्करसाठी तोच पाठवला. त्यात एपी किझोन या नटाने आपोलिनारियो माबिनी साकारला आहे. एका गप्पांच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी त्याला विचारलं, की तुम्ही अख्ख्या चित्रपटात नुसते बसूनच का आहात?

माबिनी दोन्ही पायांनी अधू होता. त्या अवस्थेत तो क्रांतिकारी सरकारचा पंतप्रधान झाला, त्या लढ्याचा मेंदू म्हणून ओळखला गेला. त्याचा चेहरा देशाच्या नाण्यावर आहे. तरी तो चालू शकत नव्हता, हे मुलांना ठाऊक नव्हतं. मग तिकडे मोठी चर्चा झाली, आपण शाळेत इतिहास म्हणून शिकवतो तरी काय, अशी. एका चित्रपटाने एवढं घडवलं, ही मला त्याची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

हा किस्सा माझ्या डोक्यातून जात नाही, कारण मी नेवाशाची आहे आणि इथेच मराठी शिकवते. आमच्या गावात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट बसूनच घडली. शके 1212, म्हणजे 1290 साल. प्रवरेच्या काठी करवीरेश्वराच्या देवळातल्या खांबाला टेकून ज्ञानदेव बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत गेले. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या झाल्या. जुनं देऊळ गेलं, खांब राहिला. त्याच्यावर दानाचा जुना लेख कोरलेला आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’मध्ये या खांबाकडे कसं पाहायचं ते मराठी वाचकाला दाखवून दिलं, त्या पुस्तकाला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला.

नववीच्या मुलांना मी तिथे नेते. ज्ञानदेवांनी काय केलं, म्हणून विचारलं की उत्तरं धडाधड येतात. भिंत चालवली. रेड्याकडून वेद म्हणवले. पाठीवर मांडे भाजले. ‘इथे बसून ग्रंथ सांगितला’ हे उत्तर खांबासमोर उभं राहूनसुद्धा शेवटी येतं. मुलांचा दोष नाही. कीर्तनातून, चित्रांतून आणि पडद्यावरून त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून घरात जे उतरलं, तेच ती सांगतात.

पडद्यावरचे ज्ञानेश्वर म्हणजे प्रभातचा 1940 चा ‘संत ज्ञानेश्वर’. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, आणि ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक. मोडक आपल्या नगरचे, ख्रिस्ती घरातले. त्या मुलात महाराष्ट्राने माउली पाहिली, याचा मला आपल्या जिल्ह्याची लेक म्हणून फार अभिमान आहे. ट्रिक सीनही त्या काळाच्या मानाने थक्क करणारे. चित्रपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, भिंत आठवते.

पण याच दिग्दर्शक-जोडीने चार वर्षं आधी ‘संत तुकाराम’ केला होता. 1937 मध्ये व्हेनिसला जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली, मुंबईत तो वर्षभरावर चालला. चमत्कार त्यातही आहेत, शेवटी विमानही येतं. तरी जाणकार पुन्हा पुन्हा लिहितात ते गौरीने केलेल्या आवलीबद्दल, तुकारामांच्या बायकोबद्दल. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि ही बाई तणतणत देवळात शिरून विठ्ठलावर वहाण उगारते. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस बसून अभंग म्हणतात आणि त्या बसण्याची किंमत घरात कोण मोजतं, हे आवलीच्या चेहऱ्यावर दिसतं. गीता कपूर यांनी या चित्रपटावर सविस्तर निबंध लिहिला. असं लिखाण असलं की चित्रपट म्हातारा होत नाही.

आज ऐतिहासिक चित्रपट आला की काय होतं? 2022 मध्ये ‘हर हर महादेव’चे खेळ बंद पाडले गेले. संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ 2025 च्या फेब्रुवारीत आला, त्याआधीच लेझीमच्या नाचावरून रान उठलं आणि तो प्रसंग काढला गेला. मग रोजचा गल्ला किती कोटी, याच्या बातम्या. आक्षेप घेणाऱ्यांचा आक्षेपाचा हक्क मी नाकारत नाही. पण ‘बुधभूषण’ लिहिणारा संभाजी पडद्यावर किती आला, यावर एक परिच्छेदही माझ्या वाचनात आला नाही. तलवार, घोडा, रक्त यांपलीकडे राजा काय वाचत होता, हे परीक्षण लिहिणाऱ्याने विचारायला नको का?

बसलेल्या माणसाचा सिनेमा चालत नाही, असं निर्माते सांगतात. मला ते पटत नाही. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ला 1954 चं राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. जब्बार पटेलांनी बाबासाहेबांवर चित्रपट केला, तो वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि वाद घालणाऱ्या माणसाचाच.

आणि नेवाशाच्या त्या देवळात नाट्य काय कमी आहे? परंपरेने पाहिलं तर बोलणारा पंधरा वर्षांचा. आई-बाप गेलेले, चार भावंडं गावाने वाळीत टाकलेली. गीता संस्कृतात बंदिस्त, आणि हा ती बाजारातल्या माणसाच्या बोलीत सांगतो आहे. समोर थोरला भाऊ तोच गुरू, आणि मुलगा उपमांत रमला की तो आवरतो, पुढे चल म्हणतो. हे ज्ञानेश्वरीतच आहे, कल्पनेने घालायची गरज नाही. लिहिणाऱ्या सच्चिदानंदबाबांचा हात दुखत नसेल का, असं एकदा माझ्या वर्गातल्या मुलीने विचारलं. पटकथेचं पहिलं पान त्या हातापासून सुरू करता येईल.

हा चित्रपट कुणीतरी करावा, असं मला मनापासून वाटतं. आणि तो येईपर्यंत वर्तमानपत्रांकडे एक मागणं आहे. ऐतिहासिक चित्रपटाच्या परीक्षणाला गल्ल्याच्या बातमीएवढी तरी जागा द्या, आणि त्यात कोण लढलं याच्या जोडीला कोण लिहीत होतं, कोण ऐकत होतं आणि त्यातलं पडद्यावर काय आलं, तेही लिहा. माझ्या वर्गात ते कात्रण मी भिंतीवर लावीन.