जकात दिसते, नियम दिसत नाही

परदेशी व्यापाराची चर्चा आपल्याकडे बहुधा जकातीच्या टक्क्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. कोणत्या देशाने आयातकर किती वाढविला, आपण किती उतरविला, याचे आकडे पहिल्या पानावर येतात आणि त्यांवर हिरिरीने मते मांडली जातात. हे स्वाभाविक आहे. जकात हा उघड आकडा असतो. तो राजपत्रात छापला जातो, व्यापाऱ्याला हिशेबात धरता येतो, आणि पैसे भरले की माल सुटतो. परंतु बंदरात खोळंबलेला माल पुष्कळदा जकातीसाठी खोळंबलेला नसतो. तो अडतो एखाद्या कीटकनाशकाच्या अंशामुळे, वेष्टनावर नसलेल्या शिक्क्यामुळे किंवा दाखल्यातील एखाद्या सदोष नोंदीमुळे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत यांना जकातेतर निर्बंध म्हणतात. नाव रुक्ष असले, तरी नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराचे किंवा कोकणातील आंबा बागाईतदाराचे वर्षाचे उत्पन्न त्यांवर अवलंबून असते.

२०१० सालच्या हंगामाचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात पोचली, तेव्हा तेथील तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला. वेलीची पालेदार वाढ आवरून घडनिर्मितीस मदत व्हावी, म्हणून बागाईतदार ते वापरीत असत. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टन द्राक्षांत एक ग्रॅम. हा माल तपासणीवाचून गेला होता असे नव्हे. बागांची नोंदणी झाली होती, नमुने प्रयोगशाळेत गेले होते, दाखलेही मिळाले होते. परंतु आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्यांच्या यादीत या रसायनाचे नावच नव्हते. बागाईतदाराला सांगितलेला नियम त्याने मोडला नव्हता. जो नियम लागू होणार होता, तो त्याला कोणी सांगितलाच नव्हता. भाव मात्र त्याचा पडला.

आंब्याची कथा याहून लांब आहे. फळमाशी आणि कोयीतील भुंगा यांच्या भीतीने १९८९ पासून भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ बंद होती. ती २००७ साली उघडली, पण अटींसह. आंब्यावर ठरलेल्या मात्रेत किरणन व्हावे आणि ते अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे. निरीक्षकाचा खर्च अर्थातच निर्यातदारांनी सोसावा. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला मुख्यतः कांद्यासाठी उभारलेले किरणन केंद्र होते, म्हणून ही अट पुरी करता आली. पुढे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूससह भारतीय आंबा आणि चार भाज्यांची आयात थांबविली. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली, असे कारण देण्यात आले. आपण प्रक्रिया आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या आरंभी आंब्यावरील बंदी उठली.

मे २०२५ मधील प्रकार तर अधिक बोलका आहे. विमानाने गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेने नाकारल्या. मुंबईजवळच्या केंद्रात किरणन रीतसर झाले होते, असे निर्यातदारांचे म्हणणे होते; किरणनाच्या कागदपत्रांत दोष आहेत, असे तेथील अधिकाऱ्यांचे. नाशवंत माल परत आणणे परवडणारे नसल्याने तो तेथेच नष्ट करण्यात आला. नुकसानीचा अंदाज सुमारे ५ लाख डॉलरचा होता. फळात कीड सापडल्याची तक्रार नव्हती. वाद होता तो कागदाचा.

अशा घटना घडल्या की ‘हे सारे श्रीमंत राष्ट्रांचे कारस्थान आहे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धवट आहे. परकी कीड एकदा देशात शिरली, तर तिचा उपद्रव पिढ्यान्‌पिढ्या निस्तरावा लागतो, आणि अन्नातील विषारी अंशांविषयी दक्ष राहणे हा कोणत्याही समाजाचा हक्क आहे. उलट आपणच आपल्याला एक प्रश्न विचारला पाहिजे. परदेशी ग्राहकासाठी बागेगणिक नमुने तपासले जातात. आपल्या मुलांच्या हाती पडणाऱ्या द्राक्षांसाठी तेवढी दक्षता का नसावी?

तथापि, नियमाला हेतू चांगला असून भागत नाही. १९९५ साली अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारांनी त्याला काही कसोट्या लावल्या आहेत. आरोग्यविषयक निर्बंधाला शास्त्रीय आधार हवा. घरच्या आणि परक्या मालाला वेगळी मापे लावता कामा नयेत. आणि नवा नियम आधी जाहीर करून, जुळवून घेण्यास अवधी देऊन मगच लागू करावा. हा अवधी सामान्यतः सहा महिन्यांहून कमी नसावा, असे २००१ साली दोहा येथे ठरले. या कसोट्यांवर परक्या देशांना जाब विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण त्याच कसोट्या आपल्या स्वतःच्या कारभारालाही लावाव्या लागतील.

तेथे चित्र फारसे अभिमानास्पद नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. बंदी ३१ मार्चपर्यंत होती. ती मुदत संपण्यापूर्वीच वाढविण्यात आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यातकर लावून. शहरातील ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा, ही इच्छा गैर नाही. परंतु ज्या शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्याने जुन्या नियमाच्या भरवशावर सौदे केले, त्याला एका रात्रीची मुदत देणारे सरकार युरोपकडे सहा महिन्यांची मुदत कोणत्या तोंडाने मागणार?

आयातीच्या बाजूलाही हेच घडते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाची खूण सक्तीची झाली. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते समर्थनीय होते. मात्र पुढे पॉलिएस्टर तंतू व सूत अशा कच्च्या मालालाही हीच सक्ती लागू करण्यात आली. अशा सक्तीत परदेशी कारखान्याने आपल्या मानक ब्यूरोचा परवाना घ्यावा लागतो. तो त्याने घेतला नाही, तर त्याचे सूत येथे येत नाही, आणि कापड विणणाऱ्या लहान कारखानदाराला मोजक्या देशी उत्पादकांकडून ते म्हणतील त्या भावाने सूत घ्यावे लागते. तयार कापड महागले की परदेशी बाजारात तोच मागे पडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये यांतील अनेक आदेश मागे घेण्यात आले, ही चुकीची कबुलीच मानावी लागेल.

या सर्व प्रकरणांत एक सूत्र आहे. जकात मालाच्या किमतीच्या प्रमाणात पडते. नियमाचा खर्च तसा पडत नाही. प्रयोगशाळेचे शुल्क, नोंदणी, निरीक्षक, सल्लागार आणि कागदपत्रे यांचा खर्च एका पेटीला आणि शंभर पेट्यांना जवळजवळ सारखाच येतो. मोठी कंपनी तो शंभर पेट्यांवर वाटून टाकते. लहान बागाईतदार किंवा छोटा निर्यातदार त्याखाली वाकतो आणि अखेर आपला माल मोठ्याच्या हवाली करतो. म्हणजे नियम देशादेशांतील व्यापार तर नियंत्रित करतोच, पण देशातल्या देशात कोणी व्यापार करावा आणि कोणी करू नये, हेही ठरवितो.

म्हणूनच नियम जाणण्याचा आणि पाळल्याचे सिद्ध करण्याचा खर्च हा रस्ते आणि बंदरे यांच्याप्रमाणे सार्वजनिक खर्च मानला पाहिजे. उत्पादक जिल्ह्यांत परवडणाऱ्या दरात विश्वासार्ह प्रयोगशाळा हव्यात. परदेशात नियमाचा मसुदा प्रसिद्ध होताच त्याचा आशय मराठीतून, हंगामापूर्वी, कृषी खाते आणि बाजार समित्यांमार्फत गावोगाव पोचला पाहिजे. सरकारी यंत्रणेच्या चुकीने माल नाकारला गेला, तर भरपाई कोणी द्यावी हे आधीच ठरलेले असावे. आणि आपल्या सरकारने निर्यातबंदी वा मानकसक्ती करताना निदान चालू सौदे पुरे होतील एवढी मुदत देण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. यांतील एकही गोष्ट दुसऱ्या देशाच्या संमतीवर अवलंबून नाही. ज्याला नियम आधी कळला, त्याला पाळल्याचा पुरावा देता आला आणि तो रातोरात बदलणार नाही अशी खात्री वाटली, तो लहान माणूसही परक्या बाजारात उभा राहू शकतो. तेवढी हमी देणे हे आपल्याच हाती आहे.