रस्त्यात सांबर आडवे आले तर...

मुलाला किंवा जावयाला चंडीगडकडे नोकरी लागली, की घर बहुधा मिळते ते झिरकपूरला. चंडीगड केंद्रशासित, पंचकुला हरियाणात आणि झिरकपूर पंजाबात. पण तिन्ही गावे एकमेकांना अशी चिकटली आहेत की रोज कामावर जाताना आपण राज्याची सीमा ओलांडतो, हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. घर झिरकपूरला, कचेरी मोहालीत किंवा चंडीगडच्या आयटी पार्कमध्ये आणि मधली ये-जा मोटारसायकलवर. चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे, त्यामुळे तिथेही आपली माणसे बदलीवर जात असतात. घरून फोन येतो तेव्हा चौकशी होते ती थंडीची, धुक्याची, ट्रकवाल्यांची. सांबराची चौकशी कुणी करत नाही.

करायला हवी. चंडीगडच्या पाठीला शिवालिकच्या टेकड्या आहेत आणि शहराला लागूनच सुखना अभयारण्य आहे. सुमारे २६ चौरस किलोमीटरचे हे रान १९९८ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात सांबर आहे, चितळ आहे. पलीकडे पंचकुल्याच्या बाजूला मोरनीचे डोंगर आहेत. या रानांतून सांबर खाली उतरते आणि वाट चुकून थेट शहरात शिरते. वनखात्याच्या लोकांनी येऊन त्याला गुंगीचे इंजेक्शन द्यायचे आणि परत रानात सोडायचे, हा प्रकार चंडीगडकरांना नवा नाही. डोंगरातून येणारे पावसाळी ओढे, ज्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात, ते या वस्त्यांच्या मधून वाहतात. सुखना चो बलटाण्याजवळून, म्हणजे झिरकपूरच्या अंगावरून, घग्गर नदीकडे जातो. झाडाझुडपांचे असे पट्टे आपल्याला गटारासारखे दिसले, तरी रात्री जनावरांना ती सरळ, आडोशाची वाट असते.

झिरकपूरहून पतियाळाच्या किंवा अंबाल्याच्या दिशेने निघालात, की डोंगर मागे राहतो, शेते सुरू होतात आणि सांबराऐवजी नीलगाय भेटते. हरियाणात तिला रोझ म्हणतात, आपल्या विदर्भात रोही. प्राणिशास्त्राप्रमाणे हे हरीण नव्हे. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात, रोह्याची जन्मभर टिकतात. पण साठच्या वेगात समोर आल्यावर हा फरक विचारात घेण्याची सवड कुणाला असते? वजनाचा फरक मात्र ध्यानात असू द्यावा. चितळाचा नर ७०-८० किलोंच्या आसपास असतो. सांबराचा किंवा नीलगाईचा पूर्ण वाढलेला नर २०० किलोंच्या पुढे जातो, म्हणजे तुमच्या मोटारसायकलपेक्षा चांगलाच जड. शिवाय पाय उंच आणि धड वर. मोटारसायकलचा दिवा त्याच्या पायांवर पडतो आणि अंगाचा तपकिरी-करडा रंग अंधारात मिसळून जातो. दुरून पाहणाऱ्याला चार काठ्या उभ्या असल्यासारखे वाटते.

वेळेचेही एक गणित आहे, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला ते पटकन उमगत नाही. मुंबईला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, चंडीगडला साडेपाचच्या आतच. म्हणजे कचेरी सुटते तेव्हा अंधार झालेला असतो आणि जनावरे रानातून शेताकडे निघण्याचीही तीच वेळ. गहू-हरभरा हिरवा असतो, त्यासाठी नीलगाय येते. सांबराचा माजाचा काळही साधारण याच थंडीत येतो. मादीच्या मागे लागलेला नर रस्ता पाहत नाही. पहाटे पुन्हा तीच वर्दळ उलट दिशेने, आणि त्या वेळी वर दाट धुके.

उजेडापुढे धावू नका

या सदरात आपण वेगाविषयी अनेकदा बोलतो आणि वाचक मनातल्या मनात ‘पुन्हा तेच’ म्हणत असतील. तरीही थोडा हिशेब मांडू या, कारण या बाबतीत उपदेशापेक्षा हिशेबच अधिक बोलतो. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसणे, मेंदूला कळणे आणि हाताने ब्रेक दाबणे, यात दीड सेकंद सहज जातो. ताशी ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक लागला, तरी थांबायला आणखी २३-२४ मीटर लागतात. एकूण जवळजवळ ५० मीटर. हाच हिशेब ४० च्या वेगाला २७ मीटरच्या आसपास येतो आणि ८० च्या वेगाला ७५ मीटर.

आता आपल्या गाडीचा दिवा आठवा. डिपरवर असताना रस्ता खरोखर स्पष्ट दिसतो तो बऱ्याच गाड्यांवर ३०-४० मीटरच. म्हणजे ६० च्या वेगाने डिपरवर जाणारा माणूस आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. त्याला जनावर दिसते तेव्हा थांबण्याइतकी जागाच उरलेली नसते. मग ब्रेक कितीही उत्तम असोत. बाकी सगळ्या युक्त्या या एका गोष्टीनंतर येतात: जेवढे दिसते तेवढ्यातच थांबता आले पाहिजे. समोरून वाहन नसेल तेव्हा दिवा अप्परवर ठेवा, समोरून कोणी आले की डिपर करा आणि डिपर केल्याबरोबर वेगही कमी करा. पहिली गोष्ट सगळे करतात, दुसरी जवळपास कुणी करत नाही.

धुक्यात अप्पर लावून उपयोग नाही. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. दृष्टी १५ मीटरवर आली असेल, तर वरच्याच हिशेबाने वेग २५ च्या वर नको. पंजाबातल्या धुक्यात १५ मीटर ही काही विशेष वाईट अवस्था नव्हे. अशा पहाटे मोटारसायकल घरी ठेवून बसने जाणारा माणूस भित्रा आहे, असे आम्हाला वाटत नाही.

दिसण्याच्या काही खुणा आहेत. अंधारात हरणाचे डोळे दिव्याच्या उजेडाने चमकतात. डोळ्यांच्या मागे उजेड परत फेकणारा एक थर असतो, त्यामुळे हे होते. रस्त्याच्या कडेला दोन हिरवट-पांढरे ठिपके दिसले, की ते काय आहे याचा विचार नंतर करा, आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा. नीलगाईला ठरावीक जागीच लेंड्या टाकण्याची सवय असते. दिवसा येता-जाता शेताच्या कडेला असे ढीग दिसले, तर ती तिची नेहमीची जागा आहे असे समजावे आणि रात्री तिथे हळू जावे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्याचाही फार भरवसा धरू नये. जनावर एक बाजू ओलांडून दुभाजकापाशी येते, अडते, गोंधळते आणि आले तसे मागे वळते. आपण मात्र ‘गेले एकदाचे’ म्हणून वेग वाढवलेला असतो.

आणि हरीण एकटे आहे असे कधीही धरून चालू नका. चितळ कळपाने राहते, नीलगाई बहुधा चार-सहा असतात, सांबराच्या मादीमागे पाडस असते. पहिले रस्ता ओलांडून गेले म्हणजे धोका टळला असे नाही. उलट मागे राहिलेली जनावरे पुढच्याला गाठण्यासाठी न बघता उडी घेतात.

हॅन्डल सरळ, ब्रेक दोन्ही

आता प्रत्यक्ष समोर आले तर काय? हात आपोआप हॅन्डल वळवतो. इथेच घात होतो. हरणाची सगळी संरक्षणविद्या अचानक दिशा बदलण्यावर उभी आहे. वाघ-बिबट्याला चुकवताना ते जे करते, तेच तुमच्यासमोर करते. तुम्ही ज्या बाजूला वळाल त्याच बाजूला ते उडी घेऊ शकते. शिवाय वळताना ब्रेक लागला की चाक घसरते, आणि मग हरीण पसार होते, तुम्ही मात्र ट्रकच्या वाटेत पडता. म्हणून हॅन्डल सरळ, गाडी सरळ आणि दोन्ही ब्रेक. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे. गाडी थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम खेचायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा दाबत न्यायचा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले आहे, त्यांत चाक जाम होत नाही. जुन्या किंवा लहान गाडीवर हा दाब हाताला माहीत असावा लागतो. तो माहीत करून घेण्याची जागा म्हणजे रविवारी सकाळचे मोकळे मैदान. ३० च्या वेगाने दहा वेळा थांबून पाहिले, तरी हाताला पुष्कळ समजते.

थांबणे शक्यच नाही असे दिसले, तरी ब्रेक सोडून देऊ नका. आघाताची ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे कमी होते. ६० वरून ३० वर आलात, तर धक्का अर्ध्यावर नाही, पाव हिश्श्यावर येतो. नजर जनावरावर खिळवू नका, कारण नजर जिकडे जाते तिकडेच गाडी जाते. वेग अगदी कमी झाला असेल आणि बाजूला खरोखर जागा असेल, तरच जनावराच्या शेपटीकडून निघावे. हॉर्न दुरूनच दोनदा वाजवायला हरकत नाही, पण जवळ गेल्यावर वाजवलात तर ते कुठे पळेल याचा नेम नाही. हरणांना पळवणाऱ्या म्हणून गाडीला लावायच्या शिट्ट्या विकत मिळतात. परदेशात त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत, त्यांत उपयोग दिसून आलेला नाही. ते पैसे हातमोज्यांना घाला.

हेल्मेटविषयी एकच सांगतो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या एका विमा संस्थेने जनावरांशी झालेल्या जीवघेण्या टकरींचा अभ्यास केला होता. त्यात मेलेल्या मोटारसायकलस्वारांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. बरेचसे मृत्यू जनावराच्या धडकेने नव्हे, त्यानंतरच्या पडण्याने झाले होते.

मागे बसणाऱ्याचा विचार आपल्याकडे नेहमी शेवटी होतो. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला जोराच्या ब्रेकच्या वेळी धरायला काही नसते. तिचा तोल आधी जातो आणि चालवणाऱ्यालाही ओढतो. रात्री शहराबाहेरच्या रस्त्याला जायचे असेल, तर सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावे, हेल्मेट घालावे आणि रस्त्याच्या कडांवर लक्ष ठेवण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. चालवणाऱ्याच्या दोन डोळ्यांना आणखी दोन मिळाले, तर काय वाईट? ‘डावीकडे काहीतरी हललं’ एवढे म्हटले तरी पुरते. आणि असे म्हटल्यावर नवऱ्याने ‘तू गप्प बस, मला दिसतंय’ म्हणू नये!

हे सगळे झिरकपूरपुरते नाही, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. अंबाल्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ दिल्लीमार्गे खाली येतो आणि नागपूरला पोहोचण्याआधी पेंचच्या रानातून जातो. तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ताच वर उचलून जनावरांसाठी खालून नऊ वाटा ठेवल्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी ७५० मीटरची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा खालून वाघही जाताना दिसले आणि सर्वाधिक दिसली ती चितळे. जनावराला सोयीची वाट दिली तर ते ती वापरते. पण प्रत्येक रस्त्यावर अशी सोय होणार नाही, आणि झिरकपूरच्या रस्त्यांवर तर मोकाट गाई-बैलही भरपूर. नियम त्यांनाही हेच लागू.

टक्कर झालीच, तर आधी स्वतः रस्त्याच्या बाहेर या. मागून येणारे वाहन हा पुढचा धोका. ११२ हा क्रमांक तिन्हीकडे चालतो, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा. जखमी जनावराच्या जवळ जाऊ नका. शिंगे आणि खूर दोन्ही घातक असतात आणि घाबरलेले जनावर उपकार ओळखत नाही. पोलिसांमार्फत वनखात्याला कळवा. मेलेले हरीण उचलून नेणे किंवा त्याचे मांस वाटून घेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग गावातले चार लोक काहीही सांगोत.

विम्याचे कागदही एकदा काढून पाहा. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर हरणाने मोडलेल्या तुमच्या गाडीचा खर्च मिळत नाही. त्यासाठी सर्वंकष विमा लागतो. गाडीच्या मालकासाठी १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो, पण तो लागू होतो ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच, आणि तेही त्याच्याकडे चालू परवाना असेल तर. पुण्याहून वडिलांच्या नावावरची गाडी रेल्वेने झिरकपूरला मागवून घेणाऱ्या मुलाला तो मिळत नाही. मागे बसणाऱ्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ पंजाबात राहणार असेल, तर तिची तिथे नव्याने नोंदणीही करायची असते. नाव बदलायचे काम त्याच फेरीत उरकून घ्यावे.