फुकटे प्रवासी कोण?

पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या बसमध्ये विनातिकीट सापडलेल्या प्रवाशाकडून ५०० रुपये दंड वसूल केला जातो. तपासणी मोहीम झाली की ‘फुकट्यां’ची संख्या आणि दंडाची रक्कम वर्तमानपत्रांत छापून येते आणि विषय तेथेच संपतो. समाजवादी कार्यकर्त्याने मात्र तो तेथे संपू देता कामा नये. सार्वजनिक वाहतुकीचा खर्च कोणी सोसावा, हा त्याच्या दृष्टीने मूलभूत प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. तिकीट चुकवणे हे शोषणाविरुद्धचे बंड नव्हे. पीएमपी ही कोणा भांडवलदाराची मालमत्ता नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या परिवहन संस्थांचे २००७ साली विलीनीकरण होऊन ती अस्तित्वात आली आणि तिची तूट मुख्यतः या दोन महापालिका भरून काढतात. चुकवलेल्या तिकिटाचा भार त्यामुळे शेवटी करदात्यावर आणि शेजारी उभे राहून निमूटपणे पैसे पुढे करणाऱ्या सहप्रवाशावर पडतो. हा सहप्रवासी बहुधा चुकवणाऱ्याइतकाच गरीब असतो. मोर्चाला निघालेल्या कार्यकर्त्यांनी छातीवर बिल्ला आहे एवढ्याच बळावर गाडीत तिकिटाविना चढावे, ही रीत आपल्याकडे अनेक पक्षांत रुजली आहे. आपल्या पक्षात तिला थारा नसावा. सत्याग्रही कायदा मोडतो तो उघडपणे आणि शिक्षा स्वीकारून. तिकीट चुकवणारा तपासनीस दिसताच मागच्या दाराने उतरतो. ज्या मुळशीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी तुरुंगवास पत्करला, तेथे तरी हा भेद समजावून सांगण्याची वेळ येऊ नये.

परंतु एवढा उपदेश करून थांबणे हा ढोंगीपणा ठरेल. १ जून २०२५ पासून पीएमपीचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. दोन्ही शहरांसाठीचा दैनिक पास ४० रुपयांवरून ७० रुपयांवर आणि मासिक पास ९०० रुपयांवरून १५०० रुपयांवर गेला. कोणत्या कामगाराची मजुरी एका रात्रीत दोन-तृतीयांशाने वाढली? मुळशी तालुक्यातील भरे गावासारख्या, महापालिकांच्या हद्दीबाहेरील वस्त्यांची अडचण तर दुहेरी आहे. अंतर अधिक म्हणून भाडे अधिक, आणि शहराच्या हद्दीपुरता पास येथे अपुरा. पिरंगुटच्या कारखान्यांत किंवा कोथरूडमधील घरकामाला जाणाऱ्यांच्या कमाईतून दोन्ही वेळचे भाडे आधी वजा होते आणि चूल नंतर पेटते. ज्या शहराचा गाडा या माणसांच्या श्रमावर चालतो, त्या शहराच्या महापालिकेत त्यांना मतही नाही.

दंडाचे अर्थशास्त्रही तपासून पाहण्याजोगे आहे. दहा रुपयांच्या तिकिटावर पाचशे रुपये दंड म्हणजे पन्नासपट. पन्नास फेऱ्यांत एकदाही न सापडणाऱ्यास चुकवणे फायद्याचेच ठरते. आणि भाडे जितके वाढेल तितका हा मोह वाढतो. म्हणजे भाडेवाढ स्वतःच चुकवेगिरीला प्रोत्साहन देते. शिवाय दाराशी लोंबकळणाऱ्या प्रवाशापर्यंत वाहक पोहोचणार कसा? खच्चून भरलेल्या बसमध्ये कित्येकांना तिकीट काढायचे असूनही ते मिळत नाही. बसगाड्या वाढल्या, गर्दी विरळ झाली, तर तपासनिसांच्या पथकांहून अधिक काम त्यानेच होईल.

मग पैसा कोठून यावा? २०२३ सालापासून एसटीमध्ये महिलांना निम्मे भाडे आकारले जाऊ लागले आणि सवलतीचा भार शासनाने उचलला. त्या भगिनींना कोणी फुकट्या म्हटले नाही, आणि म्हणूही नये. फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिस परिसरातील मालकवर्गाकडून वेतनाच्या प्रमाणात वाहतूक-कर घेतला जातो; कामगार वेळेवर कामावर पोहोचतो त्याचा लाभ मालकाला होतो, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. लक्झेंबर्गने २०२० साली सार्वजनिक वाहतुकीचे भाडे देशभर जवळजवळ संपूर्ण रद्द केले. हिंजवडी आणि पिरंगुटचे उद्योग, बसमार्ग येताच जमिनीचे भाव वाढवणारे बांधकाम व्यावसायिक आणि एकट्यासाठी रस्ता अडवणारे मोटारमालक या वाहतुकीचा लाभ घेतात. तिचे तिकीट मात्र काढत नाहीत. खरे फुकटे प्रवासी शोधायचे तर तपासणी येथूनही सुरू झाली पाहिजे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. भाडेवाढ मागे घ्यावी, हद्दीबाहेरील गावांतील श्रमिकांना स्वस्त पास द्यावा, उद्योगांवर वाहतूक-कर बसवावा आणि महामंडळाच्या कारभारात ग्रामीण प्रवाशांना प्रतिनिधित्व द्यावे. मुळशीतील शाखांनी ग्रामसभांतून तसे ठराव करून घ्यावेत आणि ते घेऊन महामंडळाच्या कार्यालयावर जावे. तेथे जाताना प्रत्येकाच्या खिशात तिकीट असले पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.