एकच झाड, तीन न्याय

उंब्रजच्या शेतकऱ्याला 'हेंप' म्हणजे काय असे विचारले, तर तो ताग दाखवील. कृष्णा-तारळीच्या काठावर उसाआधी ताग पेरायचा आणि फुलोऱ्यात येताच गाडायचा, ही हिरवळीच्या खताची आपली रीत. परंतु शहरातल्या दुकानांत आणि मोबाइलवर 'हेंप' या नावाने जे बी, पीठ आणि तेल विकले जाते, त्याचा तागाशी काही संबंध नाही. ते झाड गांज्याचेच.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने या झाडाचे अवयव वेगळे केले. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया 'गांजा'च्या व्याख्येबाहेर राहिल्या. पानांची, म्हणजे भांगेची वाट महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने अडवली आहे. बियांना मात्र २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्य म्हणून मान्यता दिली. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य किलोमागे बियांत ५ आणि बियांच्या तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी अट आहे.

म्हणजे बी खाल्ले तर आहार; पण ते बी ज्याला लागते ते झाड विनापरवाना लावले, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड! ग्राहकाला मोकळीक आणि शेतकऱ्याला बेडी, हा न्याय समजावून सांगायला कोणीतरी गावात यायला हवे. सरकार येत नाही. येतो तो बियाणे विकणारा.

हीच खरी भीती आहे. सातारा-सांगलीने २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांचा घोटाळा पाहिला. पिल्ले आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो, या शब्दावर अनेकांनी कर्जे काढली. उद्या 'हेंप लावा, हमीने खरेदी करू' असे म्हणत कोणी दारात उभा राहिला, तर या वेळी केवळ पैसे बुडणार नाहीत. शेतकरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील.

कायद्यात वाट नाही असे नाही. कलम १० नुसार राज्य सरकार लागवडीला परवाना देऊ शकते. धागा आणि बियांच्या औद्योगिक लागवडीसाठी कलम १४ आहे. उत्तराखंडने २०१८ पासून, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या अटीवर, ही वाट धरली. उसाच्या फडात लपवलेला गांजा आपल्याकडे अधूनमधून पकडला जातो, म्हणून पोलिसांचा संशय निराधार नाही. नुसत्या नजरेने दोन्ही झाडे ओळखता येत नाहीत. म्हणूनच प्रमाणित बियाणे आणि काढणीपूर्व तपासणीची प्रयोगशाळा आधी हवी, परवाना नंतर.

ग्राहकाचीही फसगत आहेच. सीबीडी हे याच झाडातले, नशा न आणणारे द्रव्य. त्यापासून बनवलेल्या शुद्ध औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मान्यता मिळाली. ते औषध मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे असते. त्यावरून कोणत्याही बाटलीतले तेल मधुमेहावर वा कर्करोगावर चालते असे ठरत नाही. असे रोग बरे करण्याच्या जाहिराती १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहेत. आयुर्वेदात 'विजया' म्हणून हे झाड जुने आहे. पण जुनेपणा म्हणजे वाटेल तेवढी मात्रा घेण्याची मुभा नव्हे.

सरकारने एक साधे काम करावे. काय लावता येते, काय विकता येते, काय बाळगले तर गुन्हा होतो, हे सोप्या मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. तोवर शेतकऱ्याने दारात आलेल्या माणसाला एकच विचारावे : परवाना कोणाच्या नावाचा आहे? उत्तर मिळेपर्यंत आपला ताग बरा. तो जमीन सुधारतो आणि कोणाला तुरुंगात धाडत नाही.